पोदेराला कुणी रात्री दहाला फोन करत नाही

ताई, नमस्कार. मी गोव्यात माशेलला राहते. चार वर्षांपूर्वी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, शेजारच्या काकींना जमत नव्हतं म्हणून त्यांना ५० नेवऱ्या (करंज्या) करून दिल्या, तिथून सुरुवात झाली. आता नेवऱ्या, लाडू, चकल्या, शंकरपाळी, मागतील ते करून देते. मिस्टर वेर्ण्याला फॅक्टरीत, शिफ्ट ड्युटी. घरी सासूबाई आणि चौथीतला मुलगा. मी 'घरीच असते', म्हणून बँक, गॅस, पाहुणे, सासूबाईंचा डॉक्टर हे सगळं माझ्याकडे, आणि वर ऑर्डरी. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, 'उद्या सकाळी २५ लाडू मिळतील का?' मला नाही म्हणवत नाही. सासूबाई पुटपुटतात की गॅस कधी मोकळाच नसतो. मिस्टर म्हणतात, एवढा त्रास होतो तर बंद कर. गेल्या आठवड्यात मुलगा गणिताची वही घेऊन आला तेव्हा मी तळणात होते. 'ऑर्डर संपली की सांग' म्हणाला आणि तिथेच पाटावर बसला. साडेनऊला बघितलं तर पाटावरच झोपलेला. मला धंदा सोडायचा नाही, पण असं किती दिवस चालणार? शिवाय पणजीतलं एक दुकान आता दर आठवड्याला माल मागतंय. हो म्हणू का?
– एक वाचक, माशेल

अगे बाय,

तुला 'तू'च म्हणते, माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची असेल. तुझं पत्र दोनदा वाचलं. 'बंद कर' हे मिस्टरांचं वाक्य दुसऱ्या वेळी गाळूनच वाचलं, कारण ते वैतागून बोललेलं दिसतं. त्यांच्याकडे नंतर येते.

मी डिचोलीची. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि आमचा ट्रक दारात उभा राहिला. आमच्याच नव्हे, वाड्यावरच्या पाच-सहा घरांच्या दारात ट्रक उभे होते. बँकेचे हप्ते मात्र कुठे थांबतात? तोवर मी ब्लाऊज शिवायची ती हौसेने, भिशीपुरते पैसे सुटावेत म्हणून. त्यानंतर घर त्या मशीनवर चाललं, आणि चांगलं चाललं. पण पुढच्याच वर्षी चवथीला मी ३४ ब्लाऊज घेऊन बसले. शेवटचं हूक लावलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. सकाळी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायला घरचे सगळे जमले. आंबाडे, कांगलां, सुपारीची शिपटी एकेक करून वर चढत होती, मी दोरा कापून द्यायला म्हणून खुर्चीवर टेकले आणि बसल्या जागी झोपले. दमली आहे बिचारी म्हणून कुणी उठवलं नाही. आमच्या गणपतीची आरती माझ्याशिवाय झाली. वाड्यावरच्या बायका माझ्या हातचे नवे ब्लाऊज घालून दर्शनाला आल्या आणि मी कालच्या गाऊनमध्ये. तेव्हा तुझा मुलगा पाटावर झोपला हे वाचून मला नवल वाटलं नाही. ती झोप माझ्या ओळखीची आहे.

आता एक विचारते. तुमच्याकडे पोदेर, आपला पाववाला, येतो ना? सकाळी येतो, संध्याकाळी येतो, सायकलवर पों-पों करत. उंडे, पोळ्या, काकणं असे तऱ्हेतऱ्हेचे पाव घेऊन. दुपारी बाराला तुला पाव खावासा वाटला तर काय करतेस? भात खातेस. त्याला फोन करून 'चार उंडे जरा आणून दे रे' असं म्हणणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तो काही आढ्यतेखोर नसतो. त्याची वेळ गावाला ठाऊक असते, पोंगा ऐकू आला की गाव पिशवी घेऊन दारात येतं. बाकीच्या वेळात तोही रिकामा बसत नाही, पीठ मळणं, भट्टी पेटवणं, सगळं चालू असतं. पण त्या वेळात गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत पोचत नाही.

दुकानांचंही तेच. दुपारी एकला शटर खाली, चारच्या सुमारास वर. बाहेरगावचे लोक आपल्या या दुपारच्या झोपेला हसतात. हसू देत. त्यांच्याकडे रात्री अकराला मेसेजना उत्तरं देत बसतात, ते काय शहाणपणाचं लक्षण झालं? तुझं दुकान घरात आहे म्हणून त्याला शटर नाही, ते तुलाच बसवून घ्यावं लागेल.

त्यासाठी पहिलं काम, नवीन सिम घे. व्हॉट्सॲप बिझनेस म्हणून वेगळं ॲप फुकट मिळतं, त्याच फोनवर दुसऱ्या नंबरावर चालतं. त्यात कामाच्या वेळा घालता येतात, आणि वेळेबाहेर कुणी लिहिलं की आपोआप उत्तर जातं. उत्तर असं ठेव: 'नमस्कार. ऑर्डरी सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळात घेतल्या जातात. ऑर्डर किमान दोन दिवस आधी द्यावी.' पुढे 'क्षमस्व' लिहायचा मोह होईल. लिहू नकोस, तू कुणाचा गुन्हा केलेला नाहीस. साडेदहाला २५ लाडू मागणारी बाईही वाईट नव्हे. आजवर तिने मागितले आणि तू दिलेस, म्हणून ती मागते. सुरुवातीला दोन-चार जणी रागावतील, एखादी जाईलही. माझी एक गेली होती. वर्षाने परत आली, दुसरीकडे बाही बिघडवून.

वेळ ठरवलीस तरी त्या वेळेत कुठलं काम कधी करायचं हा प्रश्न उरतोच. खरी गोम मला तिथे दिसते. तुझ्या धंद्यात दोन जातीची कामं आहेत. तळण, पाक, बेसन भाजणं ही हातातून टाकता न येणारी. एक तार चुकली की लाडू गेले, तेल तापलेलं असताना कुणाची वही बघता येत नाही. आणि दुसरी म्हणजे खोबरं निवडणं, पीठ चाळणं, डबे भरणं, चिठ्ठ्या चिकटवणं. ती कुठेही थांबवता येतात आणि परत धरता येतात. तू संध्याकाळी तळायला बसतेस. का? दिवसभर बँक आणि पाहुणे उरकून मग 'मुख्य काम' करायचं, म्हणून. उलट कर. मुलगा शाळेत असतो ते तास तळणाचे. त्या वेळात बँक नाही, गॅसवाला नाही, कुणाची मावशी आली तर सासूबाई चहा देतील. संध्याकाळी हातात चाळण असू दे. वही आली की चाळण बाजूला ठेवता येते, कढई ठेवता येत नाही. मला हे कळायला सहा वर्षं लागली. कापड बेतणं मी रात्री करायची, सगळे झोपल्यावर शांतता असते म्हणून, आणि चुका तिथेच व्हायच्या. पुढे बेतणं सकाळी नेलं, काजं-हुकं संध्याकाळी टीव्हीसमोर. आमच्या घरातली भांडणं त्या एका बदलाने जेवढी कमी झाली तेवढी कशानेच झाली नाहीत.

सासूबाईंबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस. माझं म्हणणं तुला आवडणार नाही कदाचित, पण मला त्यांची बाजू पटते. इतकी वर्षं जी चूल त्यांची होती तिच्यावर आता तुझी कढई. ओट्यावर तुझे डबे, फ्रिजात तुझा खोवलेला नारळ, आणि दुपारचं हुमण शिजवायला त्यांनी तुला विचारायचं. 'गॅस मोकळा नसतो' म्हणताना त्या गॅसबद्दल बोलत नसाव्यात.

म्हणून दुसरं काम, धंद्याचा गॅस वेगळा कर. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो आणि नियमाने तो घरच्या स्वयंपाकापुरताच आहे. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यायचा असतो. महाग पडतो, ठाऊक आहे मला. तरी घे. मागच्या पडवीत, वारा खेळता असेल तिथे, वेगळी शेगडी मांड. पावसाची झड येत असेल तर त्या बाजूला पत्रा मारून घे. गॅसचा खर्च घरखर्चात लपतो तो बाहेर येईल, आणि सासूबाईंना त्यांची चूल परत मिळेल. पडवी नसेल तर निदान ११ ते १ ओटा घरचा, त्या वेळात तुझा एक चमचाही तिथे नको.

त्यानंतर त्यांच्याकडे जा. 'जरा मदत करा' म्हणू नकोस. मदत म्हटली की ती कुणाच्या तरी मनावर अवलंबून राहते. एक अख्खं काम त्यांच्या हवाली कर. नेवरीची कड कातणीने कापणं वेगळं आणि बोटांनी मुरड घालणं वेगळं, हे तुला मी काय सांगू? त्या पिढीच्या हातात मुरड असतेच. 'कड तुमच्यासारखी जमत नाही, ऑर्डरीच्या नेवऱ्या तुम्ही मुरडाल का?' असं विचार. हे खरं असेल तरच विचार हं, खोटी स्तुती सासवांना लगेच कळते. मी स्वतः आता सासू आहे, म्हणून सांगते. आणि त्याचे पैसे दे, दर महिन्याला, पाकिटात घालून. दोनदा नको म्हणतील. तिसऱ्या महिन्यात घेतील आणि जत्रेत नातवाला खाजं आणि पिपाणी घेऊन देतील.

मिस्टर. शिफ्टचा तक्ता त्यांना आधी मिळतो, तो फ्रिजवर लाव आणि शेजारी तुझ्या ऑर्डरींचा. त्यांची सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळचं गणित आणि सासूबाईंचा डॉक्टर त्यांच्याकडे. वाद घालू नकोस, एवढंच म्हण की वेर्ण्याला तुम्ही कामावर असताना तुम्हाला कुणी बँकेत पाठवत नाही. बाकी ते 'बंद कर' म्हणतात कारण या धंद्यातून काय मिळतं ते त्यांना दिसत नाही. खरं सांग, तुला तरी दिसतं का? एवढ्या मोठ्या पत्रात तू कमाईचा आकडा लिहिलेला नाहीस.

सात दिवस वही ठेव. सामान, गॅस, डबे, आणि मुख्य म्हणजे तास. नारळ फोडल्यापासून डब्याचं झाकण लागेपर्यंतचे. मी नमुन्याला मांडून दाखवते, आकडे माझे, तू तुझे घाल. समज ५० नेवऱ्या २० रुपयांनी गेल्या, १,००० आले. सामानाचे ५६० गेले, गॅस आणि डब्यांचे ९०. उरले ३५०. पाच तास लागले असतील तर तासाला ७० रुपये. पाडेली एका माडावर चढायचे काय घेतो ते विचार आणि मग या आकड्याकडे बघ. आता भाव २६ कर. दर नेवरीमागे सात सुटत होते तिथे तेरा सुटतील. तेच ३५० रुपये तुला २७ नेवऱ्यांत मिळतील. म्हणजे जवळजवळ निम्म्या ऑर्डरी गेल्या तरी घरात येणारा पैसा तेवढाच, आणि तुझ्या हातात दोन-अडीच तास जास्त. वेळ नाही, वेळ नाही असं आपण सगळ्याच म्हणतो. माझ्या बाबतीत तो निम्मा तरी माझ्या कमी भावातच गेला होता. चवथीच्या तोंडावर नारळाचा भाव चढतो तेव्हा तुझाही चढायला हवा, आणि ते आधीच सांगून ठेव. नातेवाइकांना सवलत नको. द्यायच्याच असतील तर फुकट दे, वर्षाला ठरवून अमुक इतक्या. सवलत दिलेलं कुणी लक्षात ठेवत नाही, फुकट दिलेला डबा ठेवतात.

एक मात्र तुला मान्य करावं लागेल. हा धंदा वर्षभर सारखा चालणारा नाही. श्रावणात चढतो, चवथीला शिगेला पोचतो, मग दिवाळी, तुळशीचं लग्न, जत्रा, आणि वर नाताळ, कारण ख्रिस्ती घरांत कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटात नेवरी लागतेच. तेव्हा ऑगस्ट ते डिसेंबर तू धावणार. रोजच्या रोज घर आणि धंदा तागडीत सारखे भरावेत ही अपेक्षा आपल्या या कामात चालत नाही, वर्षाचा हिशेब वर्षाने जुळवायचा. त्यासाठी कालनिर्णय काढ आणि ऑर्डरी लिहायच्या आधी बंदचे दिवस लिही. तुमच्या घरचा गणपती असेल तितके दिवस. मुलाच्या परीक्षा. आठवड्यातला एक वार. आणि आषाढी एकादशीचा दुसरा दिवस, चिखलकाल्याचा. तुमच्या देवकीकृष्णाच्या मैदानात पोरं चिखलात लोळत असतात आणि माशेलची बाई आपल्या घरात चकल्या पाडते, हे मला वाचवत नाही.

बंदचे दिवस काढून उरलेल्यांत बिनझोपमोडीचं रोज किती होतं ते मोज. तुझ्या एका हाताने दिवसाला १०० नेवऱ्या होत असतील तर चवथीआधीच्या आठ दिवसांच्या ८०० झाल्या. ८०० ची ऑर्डर लागली की पाटी, 'चवथीच्या ऑर्डरी पूर्ण.' ९०० हव्या असतील तर वाड्यावरच्या दोघींना रोजावर घे. पण मग त्यांची मजुरी आधी वहीत आणि नंतर भावात येऊ दे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. घरून खायचं विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी लागते. १४ आकडी नंबर मिळतो, तो डब्यावर घालायचा. दुसरी उद्यम नोंदणी, छोट्या उद्योगांसाठीची. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर तिथून उठ. नोंदणी झाली की प्रमाणपत्र छापून भिंतीला लाव. आमच्याकडे माझ्या मशीनच्या वर अशी एक चौकट लागली, त्या दिवसापासून 'ती घरीच असते' हे वाक्य कमी ऐकू येऊ लागलं. चौकटीत काय आहे ते कुणी वाचलं नाही, पण चौकट पाहिली.

उद्यमचा आणखी एक उपयोग तुझ्या शेवटच्या प्रश्नाला लागतो. दुकानं माल उधारीवर घेतात, आणि पैशासाठी तुला पणजीच्या खेपा घालायला लावतील ते वेगळंच. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत आणि ठरलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याजासकट. कायदा दाखवायची वेळ न आलेली बरी, पण बोलणी करताना आपल्याला तो ठाऊक असावा.

दुकानाला आता हो म्हणू नकोस. आधी वही, मग हंगाम, मग दुकान. नाताळ उरकला की विचार कर. तेव्हाही ओल्या नारळाच्या नेवऱ्या दुकानात देऊ नकोस, त्या दोन-तीन दिवसांत आंबतात आणि नाव तुझं जातं. शंकरपाळी, चकली असा टिकणारा माल दे. त्यांना असं लिही: 'जानेवारीपासून, दर मंगळवारी, शंकरपाळी आणि चकली, आधी ठरेल तितकीच. नेण्याची व्यवस्था तुमची. न खपलेला माल परत घेतला जाणार नाही. पैसे १५ दिवसांत.' आत्ताच पाहिजे म्हणून अडून बसले तर त्यांचा नंबर ठेवून दे. पणजीत दुकानं काही थोडी नाहीत.

आणि हा मेसेज त्यांना चार ते सहाच्या मध्येच पाठव.